माझ्या पाठीवरचं गाव

"सर, मोजल्यानं ताप उतरते का?"

मित्रांनो, हा प्रश्न एका मुलीने आरोग्य उपकेंद्राच्या दारात उभं राहून विचारला, तेव्हा तिच्या तीन मैत्रिणी खिडकीखाली वाकून, तोंडावर ओढण्या दाबून हसत होत्या. पैज लागली होती. खरंच विचारलं तर आष्टीच्या बाजारात तर्री-पोह्यांची एक प्लेट, नाही विचारलं तर वर्षभर तिघींच्याही सायकलींत हवा भरून द्यायची. तिने विचारलं. मी तेव्हा तिच्या काखेत गुंडाळलेला होतो. त्यामुळे तिचं काळीज किती धडधडत होतं, ते फक्त मलाच ठाऊक आहे.

मी एक जुना फ्लेक्स आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, एका कोपऱ्याला फाटलेला. आज मी जयवंताआजीच्या ओसरीत टांगलेला आहे. वारा आला की पोट फुगवतो, वारा गेला की सोडतो. दुपारी ऊन माझ्या आरपार येतं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर फिकट निळे, फिकट केशरी डाग सांडतं. मोहाच्या तेलाचा वास त्यात मिसळतो. ओसरीत बसलेल्या माणसांना वाटतं, हा नुसता आडोसा आहे. पण माझ्या पाठीवर एक अख्खं गाव आहे. ते तिथे कसं आलं, ते सांगतो. फक्त कोणत्या घरात कोण आजारी होतं, हे खोदून विचारू नका. ज्यांनी "सांग बाप्पा, काही हरकत नाई" म्हटलं, तेवढ्यांचीच नावं मी घेणार आहे.

माझा जन्म आर्वीच्या एका छपाईच्या दुकानात झाला. मशीन झूं-झूं करत माझ्यावरून पुढे-मागे धावत होतं आणि रंग अगदी हळू, मांजरीच्या पावलांनी, माझ्या अंगावर उतरत होते. कोणत्या तरी भाऊंचा वाढदिवस होता. मध्यभागी काळा चष्मा लावलेले भाऊ, वर सोनेरी अक्षरांत शुभेच्छा आणि खाली एकोणचाळीस शुभेच्छुकांचे चेहरे. मला फाट्यावर दोन बांबूंच्या मधे ताणून बांधलं. काय तो थाट! माणसं गाडी थांबवून आपला चेहरा शोधायची. "हा पाय, हा मी! भाऊच्या डाव्या हाताकून चौथा!" मग माझ्याबरोबर फोटो काढायची. मी इतका फुगलो होतो, की मला वाटायचं सारा रस्ता माझ्याचसाठी बांधला आहे.

पण एक गंमत सांगू? माझं तोंड रस्त्याकडे होतं आणि पाठ शेताकडे. पुढून मी गर्दी पाहायचो. मागून मात्र मला कोणी पाहत नव्हतं. तिथे मी पांढरा, कोरा होतो. कपाशीवरून आलेला वारा त्या कोऱ्या पाठीवर काहीतरी लिहून जायचा आणि ते मला वाचता यायचं नाही. एखादा बगळा उडत गेला की त्याची सावली क्षणभर माझ्यावर बसायची. आपल्या या बाजूवरही कधी काही उमटेल का, असं स्वप्न मी बघत राहायचो.

नवव्या दिवशी दुसऱ्या भाऊंचा वाढदिवस आला. मला खाली ओढलं, तेव्हाच हा कोपरा फाटला. आठ दिवस मी नाल्याच्या काठी गवतात पडून होतो. ज्यांचे चेहरे माझ्या अंगावर होते, त्यांच्यातलेच दोघे-तिघे मला तुडवून गेले. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

मग गोपालभाऊ आले. गोपालभाऊ म्हणजे आपल्या त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे, काजलचे बाबा. त्यांनी मला झटकलं, मोटारसायकलच्या मागे बांधलं आणि घरी नेऊन सोयाबीनच्या गंजीवर टाकलं. दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला. रात्रभर थेंबांनी मला बडवलं, पण मी एक शेंग भिजू दिली नाही. सकाळी गोपालभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "लय कामाचा निघाला राजेहो हा!" भाऊंच्या वाढदिवसाला मिळालेलं सगळं कौतुक एका पारड्यात आणि ही थाप एका पारड्यात. थापच जड भरेल.

पुढचा उन्हाळा मी त्यांच्या खिडकीवर सावली धरून काढला. खिडकीत मोठा लोखंडी कूलर होता. आमच्याकडे कूलरशिवाय मे महिना म्हणजे तापलेल्या तव्यावर झोपणं. जूनमध्ये हवा गार झाली, कूलर बंद झाला. गोपालभाऊंनी माझी चौघडी केली, कूलरवर टाकली आणि वरून सुतळी बांधली. कूलरच्या तळाशी वीतभर पाणी तसंच राहिलं होतं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मित्रांनो, पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर महिना होता, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पाऊस पडला आणि माझ्या घड्यांत पाणी साचलं. माझ्या मांडीवर एक लहानसं तळं झालं! त्यात ढग उतरायचे. चिमणी चोच बुडवून जायची. एके सकाळी त्या पाण्यात काहीतरी हललं. अगदी बारीक, लिहिताना आपण देतो त्या स्वल्पविरामासारखं. मग दुसरं, मग दहा, मग शंभर. ते वर यायचे, श्वास घ्यायचे, वळवळत खाली जायचे. मला वाटलं, माझ्या कुशीत बाळं आली आहेत. मी जराही हललो नाही. वारा आला तरी अंग आकसून घेतलं, त्यांची झोप मोडू नये म्हणून. खाली कूलरच्या टाकीत तर त्यांचा मेळाच भरला होता. काही दिवसांनी एकेकाला पंख फुटले. काळे, नाजूक, पायांवर पांढऱ्या पट्ट्या. भर दिवसा ते उडाले आणि खिडकीतून आत गेले. "सांभाळून जा रे," मी म्हटलं.

खिडकीच्या आत काजलची आई, भागीरथाबाई, दिवसभर शिलाई मशीनवर बसायच्या. गावातल्या निम्म्या बायांची ब्लाउजं त्यांच्या हातची. टक-टक-टक-टक, त्या आवाजावर मी डुलत असायचो.

नागपंचमीच्या दिवशी मशीन थांबलं.

भागीरथाबाईंना ताप भरला. ताप तीन दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. बोटं अशी सुजली की सुई धरवेना. भिंत धरून चालायच्या. मग शेजारी एकाला, मग पलीकडे एकाला. राखीनंतर तर गल्लोगल्ली माणसं वाकून चालू लागली. लोकांनी त्याला नाव दिलं, लंगडा ताप. गावच्या आशा सेविका यशोदाताई घरोघर फिरून गोळ्या देत होत्या, रांजण उलटे करायला लावत होत्या. "कोरडा दिवस पाळा वो माय! भांड्यात पाणी ठेवू नका!" लोकांनी रांजण उलटे केले, ड्रम पालथे घातले. बंद कूलरकडे मात्र कोणीच पाहिलं नाही. तो कोणाच्या लेखी भांडं नव्हताच. आणि त्याच्यावर पांघरूण घालून मी बसलो होतो.

यशोदाताई शाळेत गेल्या. म्हणाल्या, विज्ञानाच्या प्रकल्पात तापाचा नकाशा करा. कोण कोण आजारी आहे ते गावच्या नकाशावर दाखवा. नववीच्या वर्गात काजल उभी राहिली. आदल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा हळूच "हजर" म्हणणारी ही मुलगी. पण नववीत गेल्यापासून तिला आवाज फुटला होता आणि तो तिला स्वतःलाच फार आवडला होता.

"ताई, नकाशा मी काढते. सगळ्यात मोठा!"

"कागद कुठून आणशील वं एवढा?" तिच्या बाजूला बसणाऱ्या रिंकूनं विचारलं. रिंकू म्हणजे जयवंताआजीची नात. दोघी पहिलीपासून एका बाकावर.

"आमच्या कूलरवर फ्लेक्स हाय. मागून कोरा हाय."

तिने घरी येऊन सुतळी सोडली आणि मला खसकन ओढलं. माझं तळं अंगणात सांडलं. कोंबड्या धावत आल्या आणि वळवळणारे स्वल्पविराम पटापट टिपू लागल्या. "छी! सडलं पाणी," म्हणत काजल मला घासू लागली. एकदा तरी खाली वाकून बघ गं, कूलरमध्ये बघ, असं मी ओरडत होतो. पण फ्लेक्सचं ओरडणं म्हणजे नुसती फडफड.

शाळेच्या फरशीवर तिने मला पालथा पसरला. आणि मित्रांनो, माझं ते जुनं स्वप्न खरं झालं! मार्करने तिने माझ्या कोऱ्या पाठीवर नाला वळवला, रस्ता ओढला. मारुतीचं देऊळ, समाजमंदिर, हापशी, शाळा. मग एकेक करून ऐंशी चौकोन, ऐंशी घरं. इतक्या गुदगुल्या झाल्या! ज्या गावाबाहेर मी टांगलेला होतो, ते गाव आता माझ्या अंगावर राहायला आलं होतं.

एका आजारी माणसामागे एक लाल टिकली लावायची असं ठरलं. टिकल्यांची पाकिटं भागीरथाबाईंनी दिली. "घे माय, मले त आरशात पाहाले उभं राहवत नाई."

आता काजलची चूक ऐका. ती आळशी नव्हती, उलट तिला फार घाई होती.

जयवंताआजी हात-पाय चोळून देते. मोहाच्या बियांचं तेल कोमट करायचं, गोंडीत काहीतरी गुणगुणत राहायचं आणि अंगठ्याने सांध्यांभोवती गोल गोल फिरवायचं. तिच्या आईने शिकवलेलं. लंगडा ताप आल्यापासून तिच्या ओट्यावर सकाळपासून रांग असायची. काजल वही घेऊन निघाली, तर तिला एकाच ठिकाणी चौदा आजारी माणसं भेटली. चौदा! बसल्या जागी नावं मिळाली. तिने भराभर लिहून घेतली आणि चौदाही टिकल्या तिथेच, आजीच्या चौकोनावर आणि भोवती लावून टाकल्या. आजारी माणूस जिथे भेटला, तिथे त्याची टिकली. उरलेली सतरा माणसं आपापल्या घरी भेटली, त्यांच्या टिकल्या गावभर विखुरल्या. दोन दिवसांत एकतीस टिकल्या लागल्या. यशोदाताई म्हणाल्या, "अवो, पोट्टी आहे का वारा!" आणि काजल जमिनीपासून वीतभर वर चालू लागली.

मला समाजमंदिराच्या भिंतीवर लावलं. लोक जमले. पुन्हा तेच कौतुक, पुन्हा तीच गर्दी. पण यावेळी कोणी आपला चेहरा शोधत नव्हतं. सगळ्यांची नजर एकाच जागी जात होती. आजीचं घर माझ्या पाठीवर कुंकवाचा करंडा सांडल्यासारखं लाल झालं होतं.

"आता त लेखी झालं," किराणा दुकानवाले हिरालालकाका म्हणाले. "बुढीच्या घरातूनच निघून राह्यला हा रोग."

"माही माय त तिच्याकडे गेली अन् दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठलीच नाई," कोणीतरी म्हणालं.

"तेल सडलं असंल."

"तिचा हात लागते ना सगळ्याइले!"

काजल तिथेच होती. तिने ऐकलं. तिला काहीतरी टोचलं, पण नकाशा तर बरोबर होता ना, माणसं खरंच तिथे भेटली होती ना, असं म्हणून तिने ते टोचणं बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी आजीला सांगितलं गेलं, हापशीला हात लावू नको, तुझं पाणी कोणी भरून देईल. कोणी भरून दिलं नाही. रिंकू शाळेत येईनाशी झाली. मग पोळा आला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुलं आपापले लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. दरवर्षी आजी सुपात फुटाणे घेऊन ओट्यावर बसते, मूठ-मूठ देते. समाजमंदिराच्या दारातून मला तो ओटा दिसत होता. आजी बसली होती. सूप भरलेलं होतं. बैलांच्या चाकांची खडखड गल्लीच्या तोंडाशी यायची आणि तिथूनच परत फिरायची. ऊन ओट्यावरून सरकत सरकत भिंतीवर चढलं. मग आजीने फुटाणे डब्यात परत ओतले. ते डब्यात पडतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

लोकांनी ग्रामसभा बोलावली होती. आजीला गावाबाहेर घर द्यायचं की लेकीच्या गावी पाठवायचं, ते त्यात ठरवायचं होतं.

आणि अशात ती पैज लागली. मैत्रिणींनी काजलला छेडलं होतं, "मोठी आली मोजणीवाली! मोजून मोजून तुह्या आईचे बोटं सरळ झाले का?" उपकेंद्रातले तरुण डॉक्टर, अश्वजित सर, रक्ताचे नमुने घेऊन वर्ध्याला गेले होते, ते त्याच दिवशी परत आले होते. काजल मला भिंतीवरून उतरवून, काखेत मारून निघाली. वरवर पैज जिंकायला. आतून ते टोचणं घेऊन.

"सर, मोजल्यानं ताप उतरते का?"

सर हसले नाहीत. "नाही उतरत," ते म्हणाले. खिडकीखालून खी-खी ऐकू आलं. "अन् त्या खिडकीखालच्या तिघींले आत बोलाव. उन्हात काऊन बसल्या?"

तिघी माना खाली घालून आत आल्या. सरांनी मला जमिनीवर पसरलं आणि उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. गावाकडे असं कोणी पाहिलं नव्हतं, आई झोपलेल्या मुलाकडे पाहते तसं.

"छान काढला. आता सांग, ही टिकली कोणाची?" त्यांचं बोट आजीच्या घरावर होतं.

"नाल्याजवळच्या मामीची."

"मामी राहते कुठं?"

"नाल्याजवळ."

"मग टिकली इथं काऊन?"

"तिथं भेटली ना सर ते. पाय चोळून घेत होती."

"अन् ही?"

"हिरालालकाकाच्या आईची. ते पण... तिथंच भेटली."

सरांचं बोट तिसऱ्या टिकलीवर गेलं. पण आता काजल त्या बोटाकडे पाहत नव्हती. तिचा आवाज, तो नवा, मोठा आवाज, कुठेतरी आत जाऊन बसला होता.

"दुखत होतं म्हणून गेलते ते सगळे," ती हळूच म्हणाली. "अन् मी त्याइचं दुखणं आजीच्या घरी मांडून ठेवलं."

"दवाखान्यात सगळ्यात जास्त आजारी माणसं दिसतात," सर म्हणाले. "म्हणून काय दवाखान्यातून रोग निघते?"

मैत्रिणींपैकी ज्योत्स्ना जरा धीट. ती म्हणाली, "मग सर, मोजूनच काय फायदा?"

"तू लग्नातला फोटो पाह्यला ना? कोण कुठं उभं आहे ते दिसते. कोण कोणावर रुसलं ते दिसते का? आपला हा अभ्यास तसाच आहे, वर्णनाचा. कोणाले झालं, कुठं झालं, कधी झालं, एवढंच सांगते. काऊन झालं, ते नाही सांगत. पण काऊन शोधाले कोणत्या दारात जायचं, ते मात्र सांगते. फोटो हलला नसंल तर." मग त्यांनी माझ्यावरच्या रिकाम्या चौकोनांवरून हात फिरवला. "अन् बरी माणसं कुठं आहेत याच्यात?"

"बरी माणसं काऊन मोजायची?"

"नाही मोजली, तर आजारी घरात अन् बऱ्या घरात फरक काय, कसं समजणार?"

त्या दिवशी टिकल्या निघाल्या. प्रत्येक टिकली निघताना मला चिमटा बसत होता आणि बरं वाटत होतं. सगळ्या निघाल्या, पण आजीच्या चौकोनावर गोंदाचे गोल ठसे राहिले. काजलने रॉकेल लावलं, नखाने खरडलं. ते गेले नाहीत. आजही तिथे धूळ आधी बसते.

चौघींनी यशोदाताईंना सोबत घेऊन ऐंशी घरं पालथी घातली. यावेळी टिकली माणसाच्या स्वतःच्या घरावर. ज्या घरात कोणीच आजारी नाही, तिथे बारीक काळी टिकली. आणि "कधीपासून" हेही विचारायचं होतं. तारखा कोणालाच आठवत नव्हत्या. पण सण सगळ्यांना आठवत होते. "राखी बांधून घ्याले भाऊ आला, तवा मी खाटेवर होती." "पोळ्याच्या पुरणाले मी हातच लावला नाई." म्हणून राखीच्या आधीचे आजारी हिरव्या टिकलीचे, राखी ते पोळा लाल, पोळ्यानंतर मरून रंगाचे. आणि काजल प्रत्येकाला एक जास्तीचा प्रश्न विचारत होती. "पह्यले दुखलं का पह्यले आजीकडे गेल्या?"

"काय विचारते पोट्टी! दुखल्याबगर कोणी चोळून घेते का?"

एकूणएक घरी हेच उत्तर मिळालं.

आजीच्या दारात काजल सगळ्यात शेवटी गेली. दार रिंकूनं उघडलं. ओसरीत दोन गाठोडी बांधून ठेवलेली होती.

"आता काय मोजाले आली?" रिंकू म्हणाली. "भांडे मोज. सात हायेत. बांधून ठेवले."

"येऊ दे तिले," आतून आजी म्हणाली.

काजलने वही उघडली. अक्षरं तिला दिसत नव्हती. "आजी, तुमच्या घरी कोणाले ताप?"

"नाई माय. आमाले दोघींलेही नाई." आजीने तेलकट हात लुगड्याला पुसले. "गाव म्हणते त जातो मी लेकीकडे. माह्या हातानं कोणाचं दुखलं असंल त मले माफी करजा म्हणा."

काजलने गोंदाच्या ठशांच्या मधोमध एक काळी टिकली लावली. आणि वही मिटली.

आता माझ्या पाठीवर वेगळंच गाव होतं. चौतीस आजारी, बावीस घरांत. टिकल्या पक्क्या घरांत जास्त आणि झोपड्यांत कमी. आजारी कोण? दिवसा घरात असणारे. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, पाळण्यातली पोरं. दिवसभर शेतात असणारे गडी फार थोडे.

"पाणी त सगळे एकाच हापशीचं पेतात," ज्योत्स्ना म्हणाली. "मग या घरांत असं काय हाय, जे त्या घरांत नाई?"

सगळ्या पुन्हा टिकल्यांवर वाकल्या. वाऱ्याने माझी कड उचलली आणि पुढची बाजू, ते जुने रंग, क्षणभर उघडे पडले. काजलची नजर तिथे गेली. भाऊंच्या काळ्या चष्म्यावर लोखंडाच्या गंजाचा चौकोनी डाग होता, कूलरच्या कडेचा.

"कूलर," ती म्हणाली आणि पळत सुटली.

गावात सव्वीस कूलर निघाले. बावीस आजारी घरांपैकी अठरा घरांत कूलर होता. एकेकावरचं पांघरूण काढलं. पोती, चादरी, माझे दूरचे भाऊबंद. हिरालालकाकांचा कूलर सगळ्यात मोठा, त्यांनी तो स्वतः उघडला. आत स्वल्पविरामांचा बाजार भरला होता. काका नुसते बघत राहिले. यशोदाताईंनी कपाळाला हात लावला. "रांजण उलटे करू करू माहे हात दुखले, अन् हे इथं लपून बसले होते!"

दोन दिवसांनी वर्ध्याहून रक्ताचा अहवाल आला, चिकुनगुन्या. डासांचा आजार. मुली नाचायलाच लागल्या, तर सरांनी हात वर केला. "लगेच चोर सापडला म्हणून हाकाटी नका करू. बिनकूलरची चार घरं आहेत, त्याइचं काय? त्यातली दोन घरं कूलरवाल्याइच्या शेजारी आहेत. उरलेल्या दोन घरांचं कोडं मलेही सुटलं नाही. कूलर रिकामे करा, घासा, अन् पुढचे चार आठवडे मोजत राहा. नवीन टिकल्या कमी झाल्या, तर आपण बरोबर दारात उभे आहोत."

मित्रांनो, मीही माझ्याकडून कबूल करतो. मी त्या बाळांना अंगाई म्हटली होती. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मला विचारताही येत नव्हतं. पण तुम्हाला विचारता येतं. म्हणून माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. मला घडी घालून उघड्यावर टाकू नका, झटकून वाळवा. माझ्या घडीत पाणी दिसलं तर ओतून द्या, त्यात आभाळ कितीही सुंदर दिसत असलं तरी. आणि माझ्या पाठीवर काही मांडणार असाल तर हळू मांडा. टिकली लावायला एक क्षण लागतो. गोंद मात्र राहून जातो.

आता शेवटचं सांगतो, म्हणजे मी या ओसरीत कसा आलो ते तुम्हाला कळेल.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी काजल घरी मला गुंडाळत होती. नकाशावर एक गोष्ट अशी होती, जी तिने अजून कोणाला बोलून दाखवली नव्हती. हिरव्या टिकल्या तीनच होत्या. त्यातली सगळ्यात आधीची, नागपंचमीची, तिच्याच घरावर होती.

गोपालभाऊंनी ती पाहिली. "झालं ना आता," ते हळू आवाजात म्हणाले. "सर सांगतील कूलरचं. तुले कशाले बोलाचं? लोकं म्हणतील, गोपालच्या घरून निघाला रोग. बुढीले सोडून आपल्या मांगं लागतील."

भागीरथाबाई मशीनजवळ बसून बोटं दाबत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला होता.  आता त्या लेकीकडे पाहत राहिल्या.

काजलने मला उचलून काखेत धरलं. तेच काळीज, तीच धडधड, मी ओळखली. पण यावेळी खिडकीखाली कोणी नव्हतं आणि पोह्यांची प्लेटही नव्हती.

"बाबा, आई, माहं ठरलं," ती म्हणाली. "आज सभेत सरांच्या पह्यले मी उभी राहणार. टिकल्या मी चुकीच्या लावल्या, जयवंताआजीच्या घरी एकही आजारी नाई, अन् पह्यली टिकली आमच्या घरची हाय, असं मीच सांगणार. कोणाले मांगं लागाचं असंल त लागू द्या. अन् तिथून मी घरी नाई येणार, हा नकाशा घेऊन सरळ रिंकूकडे जाणार. ते दोन गाठोडे मले सोडायचे हायेत."